पोवाड्याचं तिसरं कडवं

मुलांनो, एका जंगलात विद्यापीठ होतं. दचकू नका, तुम्हाला तिथं कुणी पाठवत नाही.

तिथं मंजुळा नावाची भेकराची पोर शिकायची. सकाळी कासवगुरुजींकडे इतिहास, दुपारी साळुंकीबाईंकडे लांडग्यांची जुनी भाषा. बाकीचे एकच विषय घ्यायचे आणि त्यातही झोपा काढायचे.

"अगं, दोन दगडांवर पाय ठेवू नये," मावशी म्हणाली.

"मावशी, मला पाय चार आहेत," मंजुळा म्हणाली. कार्टी होतीच तशी.

एका उन्हाळ्यात भेकरांच्या तळ्यावर लांडगे येऊन बसले. म्हणे, तळं आमच्या पणजोबाचं. दुसरं पाणी कुठंच नव्हतं. तळं गेलं तर भेकरं तहानेनं मरणार. प्रकरण सिंहमहाराजांपुढे गेलं.

त्या दरबाराची रीत अशी, की दावा सांगणाऱ्यानं आपल्या घराण्याचा पोवाडा म्हणायचा. तोच पुरावा. लांडग्यांच्या म्होरक्यानं डफ बडवून त्या जुन्या भाषेतला पोवाडा म्हटला. त्याचा अर्थ त्यालाही धड ठाऊक नव्हता. पोवाडा पाठ करायचा असतो, समजून घ्यायचा नसतो. दरबारानं माना डोलावल्या.

कासवगुरुजींना भाषा येत नव्हती. साळुंकीबाईंना शब्द कळले, पण त्यातला काळशिंग्या कोण ते कळेना. शेजारी बसूनही त्यांनी एकमेकांना विचारलं नाही. विभाग वेगळे ना.

मंजुळा उठली.

"महाराज, काळशिंग्या म्हणजे आमचा मूळपुरुष. पहिल्या कडव्यात लांडग्यांचा पणजोबा दुष्काळात त्याच्याकडे पाहुणा येतो. दुसऱ्यात शपथ घेतो, की पाऊस पडला की परत जाईन."

लांडग्यांनी शेपट्या पायांत घातल्या. महाराज खूश झाले. "वा पोरी. तिसरं कडवंही सांग."

इथं थांबायचं असतं, मुलांनो. पण ती खरोखरच शिकलेली होती.

"तिसऱ्यात आणखी एक पाहुणा आहे, महाराज. आयाळवाला. तोही पाऊस पडला की जाणार होता."

दरबारात कुणी जांभईसुद्धा दिली नाही.

महाराजांनी घसा खाकरला. "तळं भेकरांचं. आणि पोवाडा दोनच कडव्यांचा."

भेकरं पाण्यावर धावली. मावशी सगळ्यांसमोर रडली आणि मग पोटभर पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाचं वेळापत्रक बदललं. इतिहास आणि भाषा यांचे तास आता एकाच वेळी भरतात.

तात्पर्य : एका वेळी एकच विषय शिकावा. दोन विषय शेजारी बसले, की पाहुण्यांना घरी जायची आठवण होते.