वाटीवरचे तीन ठोके

सर्व सभासदांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या नेरूळच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडून पाणी पाहण्यास सक्त मनाई होती. तशी नोटीस कुठे लागलेली नव्हती. पण झाकणाला हात लावला की बर्वे सरांचा चेहरा असा काही पडायचा की हात आपोआप मागे यायचा. सर बोटाच्या पेराने टाकीला तीन ठिकाणी ठोकत, कान लावत आणि जाहीर करत, "अर्ध्याला चार बोटं कमी." मी एकदा चोरून झाकण उघडलं. चार बोटंच कमी होती. मला फार राग आला.

सर गणित शिकवून निवृत्त झालेले, पण संशोधन चालूच. परदेशातून जाडजूड पाकिटं येत आणि पोस्टमन ती आदराने दोन्ही हातांनी देई. नेमकं करता काय, असं मी एकदा विचारलं.

"ढोल दिला तर आवाज कसा येईल, हे कोणीही काढेल. मला आवाज देतात. मी ढोल काढतो."

म्हणजे आत न शिरता, फक्त बाहेरून मोजून, आत काय आहे ते ओळखायचं. नियम एकच, आणि तो ते दिवसातून दहा वेळा ऐकवत : "मोजणारा गणितात येत नाही."

बाजारातही हेच. एकेका कलिंगडावर पाच पाच मिनिटं. शेवटी खाडीकडच्या गावातली कलिंगडवाली मावशी वैतागली. "मास्तर, कलिंगड हाय ते, दार नाय. आत कोन र्‍हात नाय."

मग सरांच्या बायकोला, आमच्या काकूंना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डाव्या हातात चमचा आणि उशाशी स्टीलची वाटी, एवढंच बोलणं उरलं. सरांनी ठोक्यांची वही सुरू केली. एक ठोका म्हणजे पाणी. दोन म्हणजे कूस बदला. चार म्हणजे दिवा लावा. तीन मात्र काही केल्या सुटेना. तीन ऐकू आले की सर धावत. खिडकी उघडत, शाल आणत, रेडिओ लावत, अमेरिकेतल्या मुलाचा फोटो समोर धरत. काकू मान फिरवत. पुन्हा तीन. सर पुन्हा धावत.

"कधी कधी दोन वेगळ्या ढोलांचा आवाज अगदी एक असतो," ते मला जिन्यात म्हणाले. "तिथे गणित अडतं." म्हणाले हसतच, पण शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

काकू सात महिन्यांनी गेल्या. जायच्या आदल्या संध्याकाळीही वाटीवर तीनच वाजले होते.

दिवसकार्य उरकल्यावर मी आणि सुनंदा, म्हणजे आमची ही, सरांकडे डबा घेऊन गेलो. मुलगा परत गेला होता. सर वही घेऊन खोलीभर फेऱ्या मारत होते. तीनच्या खाली दोन पानं भरून गोष्टी लिहिलेल्या, सगळ्या खोडलेल्या. डब्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. दुपारी ते औषधं आणायला जात तेव्हा सुनंदा काकूंपाशी थांबायची, म्हणून त्यांनी तिलाच गाठलं.

"वहिनी, तुमच्यासमोर तीन कधी वाजले?"

"एकदाच. पहिल्या दिवशी, मी दारात उभी होते तेव्हा. मग कधीच नाही."

"मग तुम्ही हिला काय दिलंत?"

"काही नाही हो. मेथी निवडायची होती, ती घेऊन त्यांच्या पलंगावर टेकले."

सर थबकले. घाईघाईने पेन काढून वहीत लिहिलं : मेथी. पुढे प्रश्नचिन्ह. आणि पुन्हा फेऱ्या सुरू. खिडकीपासून पलंगापर्यंत, पलंगापासून खिडकीपर्यंत.

सुनंदा त्यांच्याकडे बघत राहिली. ती चारचौघांत कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढला.

"अहो सर, मेथी कसली? त्या तुम्हाला बसा म्हणत होत्या."