पंपाची नाडी बघणारे अप्पा

सोनवणे अप्पांनी हात मिळवला की तो लवकर सुटत नाही. नवख्या माणसाला वाटतं, किती हा जिव्हाळा. अप्पांची नजर मात्र घड्याळावर असते. अर्ध्या मिनिटाने ते मनगट सोडतात आणि निकाल सांगतात, "ब्याऐंशी. जरा घाई करताय. आमचा पेठचा पंप बावन्नवर चालतो. सहा वर्षांत आजारपण नाही."

पंचवटीत आमची दारं समोरासमोर. अप्पांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, पंपांच्या देखभालीत गेली. विजेच्या शेजारी पस्तीस वर्षं काढून हा माणूस निवृत्त झाला आणि पहिलं काम काय केलं, तर वीज न लागणारा पंप बसवायला घेतला. वीज नाही, डिझेल नाही. मी हिशोबी माणूस. काही फुकट मिळतंय असं ऐकलं की माझा हात आधी खिशातल्या पेनाकडे जातो. पाणी स्वतःलाच वर कसं चढवील, असं मी विचारलं. अप्पा म्हणाले, "ऑडिटरसाहेब, सांगून कळायचं नाही. चला आणि मोजा."

पेठ तालुक्यातली ती वस्ती डोंगराच्या सोंडेवर, छत्तीस घरांची. खाली बारमाही ओढा, आणि वरपर्यंत हंडे बायकांच्या डोक्यावरून. अप्पांनी ओढ्याला छोटा बांध घातला होता. तिथून चाळीस फूट लांबीचा लोखंडी पाइप दहा फूट उताराने सरळ खाली आणला होता. प्लास्टिकचा हलका पडला नसता का, असं मी सुचवलं. "प्लास्टिक धक्का गिळतं," ते म्हणाले, "आणि आपलं सगळं दुकानच धक्क्यावर चालतं." पाइपाच्या टोकाला, काँक्रीटच्या ओट्यात घट्ट बसवलेला पंप. एक झडप, आत दुसरी झडप, वर हवेचा लोखंडी डबा. संपला.

अप्पा उकिडवे बसले आणि त्यांनी झडप हाताने दाबून उघडली. पाणी भसाभस बाहेर पडलं, त्याने वेग धरला आणि त्या वेगानेच झडप आपटून मिटली. ठक. धावतं पाणी असं एकाएकी अडलं की त्याचा धक्का डब्यात शिरतो आणि थोडंसं पाणी वर जाणाऱ्या बारीक नळीत ढकलतो. अप्पांनी पुन्हा दाबली. पुन्हा. मी वीसपर्यंत मोजलं आणि चुळबुळ करू लागलो. "घाई नको, ठोका येऊ द्या." एकविसाव्या वेळी त्यांनी हात काढून घेतला. झडप आपली आपण उघडली, मिटली, उघडली. पंप चालू लागला होता.

मी धापा टाकत शंभर फूट वर टाकीपाशी गेलो. नळीतून पाणी पडत होतं. बादली लावली, घड्याळ लावलं. मिनिटाला पाच लिटर. दिवसाचे सात हजार दोनशे, म्हणजे घरटी दोनशे. तीनदा मोजलं. खाली मिनिटाला ऐंशीच्या आसपास लिटर ओढ्यात परत जातात आणि त्यांच्या जोरावर पाच वर चढतात. हिशोब चोख जुळत होता आणि तरीही मला तो खरा वाटेना. असं माझ्या आयुष्यात एकदाच झालंय.

त्या भारावलेपणात मी एक घाण करून ठेवली. डब्याच्या खाली सुईएवढ्या भोकातून प्रत्येक ठोक्याला पाण्याची बारीक चिळकांडी उडत होती. आमच्या घरात नळ ठिबकलेला मला चालत नाही. पुढच्या खेपेला मी मोरीच्या फटी भरायला आणलेला लांबीचा गोळा नेला आणि अप्पा वर टाकी बघत असताना ते भोक बुजवून टाकलं. काही दिवसांनी निरोप आला की पंप घणासारखा आदळतोय, पाइप हादरतोय आणि वर पाणी जेमतेम येतंय. अप्पांनी जाऊन टाचणीने लांबी कोरून काढली. "हे पंपाचं नाक," ते मला म्हणाले. "पाणी डब्यातली हवा चाटून नेतं, ती हा इथून परत ओढतो. तुम्ही त्याचा श्वास बंद केलात." वस्तीत मात्र त्यांनी सांगितलं, "भोक साफ करायचं माझ्याच हातून राहिलं."

पहिली तीन वर्षं अप्पा देखभालीला तीन महिन्यांनी एकदा जायचे. मग त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, वारल्या. त्यानंतर ते दर दुसऱ्या शनिवारी जाऊ लागले. बासष्ट किलोमीटर, स्कूटरवर, दुखऱ्या गुडघ्यांनी. पंप तोच, झडपाही त्याच. वाढत्या फेऱ्यांचं कारण मी विचारलं नाही.

त्यांच्या मुलीने, वैशालीने, पुण्याहून मला फोन केला. बाबा घाटात दोनदा पडले, म्हणाली. "काका, तुम्ही आकड्यांत खोटं बोलत नाही. पंपाला खरंच बाबांची गरज आहे का, एकदा बघून सांगा. नसेल तर मी स्कूटर विकायला लावते आणि त्यांना इकडे घेऊन येते."

मी शनिवारी त्यांच्या मागे बसलो. वस्तीत पोचल्यावर अप्पा चहाला थांबले, मी पुढे ओढ्यावर उतरलो. बांधापाशी वस्तीतल्या यशोदाबाई होत्या. पदरातली पानं एकेक करून पाइपाच्या तोंडावरच्या जाळीत खोचत होत्या. मला पाहून त्या थांबल्या नाहीत.

"धुण्याला रोज उतरतो, तवाच जाळी साफ करतो आमी," त्या म्हणाल्या. "झडपेचं रबर फाटलं तर माझा मालक बदलतो, अप्पांनीच शिकवलंय. एक डाव जाळी साफ होती, तर त्या दगडावर बसून राहिले. बोललेच नाय. लय वाईट वाटलं. तवापासून टाकतो."

अप्पा आले. जाळी पाहिली आणि सुरू झाले: सहा वर्षं झाली, एवढी पानं दिसत नाहीत का, मी नसतो तर काय झालं असतं. यशोदाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. अप्पांनी पानं उपसली, ठोके मोजले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

परतताना घाटाच्या अलीकडे टपरीवर चहा घेत होतो, तेवढ्यात वैशालीचा फोन आला. अप्पा समोरच होते. मी म्हणालो, "जाळीत सात पानं होती. मोठी. ती काढली नसती तर पाणी अडलं असतं." प्रत्येक शब्द खरा होता. ती म्हणाली, मग जाऊ दे त्यांना, पण गाडी तुम्ही चालवा.

मी फोन ठेवला. अप्पा बशीत चहा ओतत होते.

"सागाची होती," ते म्हणाले. "ओढ्याच्या वरच्या अंगाला सागाचं झाड नाही. दोनदा फिरून आलोय."

मी चहाचे पैसे काढले.

"वस्तीत बोलू नका," अप्पा म्हणाले. "त्या बायांना वाईट वाटेल."