श्रीहरी मोहित्यांची इंधनबचत

श्रीहरी मोहिते कचेरीत चालत येत असत, आणि इतकी वर्षं याबद्दल त्यांच्याविरुद्ध कोणाचीही तक्रार नव्हती. बंगळुरूच्या टोकाला असलेल्या काडुगोडीच्या ज्या गल्लीत त्यांचं घराणं कितीतरी पिढ्या नांदत होतं, तिच्या तोंडाशीच एका सॉफ्टवेअर कंपनीनं काचेची इमारत उभी केली आणि श्रीहरींना तिथं हिशेब विभागात नोकरी मिळाली. सकाळी रमतगमत जायचं, दुपारी घरी येऊन कमलाबाईंच्या हातचा गरम सारभात खायचा, की पुन्हा कचेरी. व्हाइटफील्डच्या रस्त्यावर अडकून पडलेले सहकारी वैतागून पोचत, तेव्हा श्रीहरींची दुसरी कॉफी चाललेली असे.

अशात कंपनीनं पर्यावरण मनावर घेतलं.

एका पाहुण्या व्याख्यात्यानं येऊन सांगितलं, की हायवेवर गाडी एकशेवीसऐवजी ऐंशीनं चालवली तर इंधन बरंच कमी जळतं. हे खरं होतं. व्यवस्थापनाला ते इतकं पटलं, की लगोलग ‘इंधनबचत कक्ष’ स्थापन झाला आणि पुण्याहून नुकतेच आलेले रणजीत सरपोतदार त्याचे प्रमुख झाले. त्यांनी आयुष्यात कधी सावकाश गाडी चालवली नव्हती. त्यामुळे सुधारणेला सर्वाधिक वाव त्यांच्याकडेच आहे, असं वरिष्ठांचं मत पडलं.

योजना शास्त्रशुद्ध होती. प्रत्येकानं आपला ‘स्वाभाविक वेग’ जाहीर करायचा. त्या वेगानं किती इंधन जळलं असतं आणि प्रत्यक्षात किती जळलं, हे गाडीत बसवलेलं यंत्र मोजणार. मधला फरक ती बचत, आणि बचतीचे गुण वार्षिक मूल्यमापनात. नागपूरच्या वेदांतनं आपला स्वाभाविक वेग एकशेऐंशी सांगितला. त्याची गाडी शंभरावरच थरथरत असे, पण प्रश्न स्वभावाचा होता, गाडीचा नव्हता. पहिल्याच महिन्यात तो कंपनीत पहिला आला.

श्रीहरींची बचत शून्य भरली. रणजीत सरांनी त्यांना बोलावून घेतलं आणि वाईट बातमी देणाऱ्या डॉक्टरच्या आवाजात म्हणाले, “मोहिते सर, अख्ख्या फ्लोअरवर झीरो फक्त तुमचा आहे.”

“मी चालत येतो, सर.”

“ते कळलं मला. पण मग तुम्ही वाचवता काय?”

“सगळंच वाचतं की. स्वल्पसुद्धा जळत नाही.”

रणजीत सरांनी सुस्कारा सोडला. “जळतच नाही म्हटल्यावर वाचणार कुठून? वाचवायला आधी जाळावं लागतं ना, सर.”

तळाला राहिलेल्यांना कंपनी ‘सुधारणा गटा’त घालत असे, आणि त्या गटातले लोक पुढं फक्त आपल्या निरोपाचा केक कापताना दिसत. पन्नाशी उलटलेल्या माणसाला आता दुसरीकडे कोण घेणार होतं? त्या दुपारी त्यांनी सारभात तसाच टाकला. कमलाबाईंनी खोदून खोदून विचारल्यावर त्यांनी सांगितलं, की आपल्याला एक गाडी घ्यावी लागेल, कारण आपण पेट्रोल वाचवत नाही.

जुनी गाडी आली. श्रीहरी ती चालवायलाही शिकले, आणि स्वाभाविक वेगाच्या रकान्यात त्यांनी वेदांतचाच आकडा लिहिला. पण घरातून निघून गाडी वळवली की कचेरी येई, आणि एवढ्याला यंत्र प्रवास मानायला तयार नव्हतं. तेव्हा रविवारी होसकोटेहून हायवेला लागून मुळबागलपर्यंत जायचं आणि परत यायचं, असं ठरलं. शेजारी कमलाबाई मांडीवर चित्रान्नाचा डबा घेऊन बसत. पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, “अहो, पण आपण चाललोय कुठं?” श्रीहरी म्हणाले, की कुठंच नाही, वाचवायला चाललोय.

हायवेवर सारी कंपनी भेटली. डोसा खायला चित्तूरपर्यंत जाणारे होते. काही जण दर आठवड्याला तिरुपतीला जात. एवढी भक्ती एकाएकी कुठून आली, हे देवालाही कळेना. सगळ्या गाड्या धिम्या गतीनं रांगेत चालत, मागून लॉरीवाले भोंगे वाजवत, आणि आतली माणसं पुण्यकर्म करत असल्यासारखी सरळ समोर बघत.

रविवार पुरेनात. यादीत वर होते ते सगळे लांब राहणारे होते. मनुष्यबळ विभागातली शाल्मली तर मुद्दाम बिऱ्हाड हलवून कृष्णगिरीला गेली होती. शेवटी श्रीहरींनी कोलारला एक खोली भाड्यानं घेतली. कमलाबाई काही गेल्या नाहीत. मला काही वाचवायचं नाही, एवढंच त्या म्हणाल्या. मग श्रीहरी रोज सकाळी कोलारहून निघत, हायवेनं सावकाश येत, स्वतःच्या घरावरून पुढं जाऊन कचेरीत गाडी लावत, दुपारी चालत घरी जेवायला जात आणि संध्याकाळी बायकोनं दिलेला डबा घेऊन कोलारला परतत. नवराबायकोचं फिसकटलं, अशी गल्लीत कुजबुज झाली. श्रीहरींच्या थोरल्या बहीण, कावेरीअक्का, समेट घडवायला मारतहळ्ळीहून धावत आल्या. “भांडण नाही हो, अक्का,” कमलाबाई म्हणाल्या. “त्यांची बचत चाललीय.”

बसून बसून श्रीहरींची साखर वाढली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. कंपनीनं तत्परतेनं तळघरात चालण्याचे विजेवरचे पट्टे बसवले. वीज गेली की ते डिझेलच्या जनरेटरवर चालत.

वर्षअखेरीच्या समारंभाला प्रमुख पाहुणे होते होसकोटे रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाचे मालक देवाप्पा. चळवळ सुरू झाल्यापासून त्यांनी पंपाला नवी शाखा काढली होती. पेट्रोल वाचवण्याचं हे काम असंच वाढत राहो, असा त्यांनी मनापासून आशीर्वाद दिला. मग रणजीत सरांनी पडद्यावर आलेख दाखवला. कर्मचाऱ्यांनी जाळलेलं इंधन तिप्पट झालं होतं; पण हाच प्रवास प्रत्येकानं आपल्या स्वाभाविक वेगानं केला असता तर ते चौपट झालं असतं. मधलं सगळं वाचलं. टाळ्या थांबेनात. शून्यावरून सर्वाधिक मजल मारली म्हणून पहिलं पारितोषिक श्रीहरी मोहित्यांना मिळालं. त्यांची नोकरी वाचली.

कार्यक्रम संपल्यावर नवराबायको फाटकाशी आली. समोर गल्ली दिसत होती. कमलाबाई म्हणाल्या, “आज घरीच राहा. सार केलंय.”

श्रीहरींनी खिशातून किल्ली काढली. इथंच राहिलो तर सकाळचे गुण जाणार, आणि पहिला आलेला माणूस घसरला की सगळ्यांच्या नजरेत येतो. उद्या दुपारी येतोच की जेवायला, असं म्हणून ते गाडीत बसले. कमलाबाई एकट्याच चालत घरी गेल्या.

ही हकीकत आम्ही बऱ्याच जणांना सांगितली. सगळे हसले, कंपनीला नावं ठेवली, कमलाबाईंसाठी हळहळले, आणि शेवटी प्रत्येकानं एकच विचारलं, की गाडी कोणती, आणि ॲव्हरेज किती देते? तुमच्याही ओठांवर तेच असेल, तर सांगतो. बावीस देते. मात्र ऐंशीच्या आत ठेवायला हवी.