सड्यावरचा हातचा

आमच्या शेजारचे तात्या माणसाला नाव विचारत नाहीत. "शाळा कुठली?" विचारतात. जिल्हा परिषदेचे रिटायर्ड मास्तर. आसपासच्या सगळ्या शाळांचे निकाल तोंडपाठ, आणि त्यावरून माणसाची लायकी ठरलेली.

रिक्षावाल्याचं वळण चुकलं की, "खाडीपलीकडची शाळा ना? तरीच! भूगोलाची बोंब आहे तिथं." सून आमटीत मीठ विसरली की, "माहेरची शाळा भाषेत पहिली, विज्ञानात झोपलेली." हल्ली ती मीठ मुद्दाम विसरते.

मी सड्यावरच्या, म्हणजे वर कातळाच्या माळावरच्या शाळेचा. दरवर्षी शेवटचा नंबर. मी दिसलो की तात्या चष्मा नाकावर आणून, "आलं सड्यावरचं! ह्यांचा हातचा कायम घरी!"

याची नक्कल मी नाक्यावर झकास करतो. एकदा तेच मागे उभे. म्हणाले, "आवाज बरा काढतोस मेल्या. बेरीज येते का?"

आता गंमत बघा. आम्हाला बेरीज शिकवली कोणी? तात्यांनीच! काजूच्या बिया मांडून. दहा झाल्या की एक बी खिशात, तो हातचा. दशकाच्या वेळी काढायची. आम्ही कसले काढतोय! सगळ्यांची बेरीज चुकायची आणि संध्याकाळी वाडीभर भाजलेल्या काजूचा वास.

यंदा सड्यावरचे लोक पोरं शहरातल्या शाळेत घालायला लागले. पुन्हा शेवटचा नंबर आला तर उरलेलीही जाणार आणि शाळेला कुलूप. तेव्हापासून तात्या रोज दुपारी सड्याची घाटी चढायला लागले. हातात खुळखुळणारी पिशवी.

"कुठे तात्या, एवढ्या उन्हाचे?"

"पाय मोकळे करायला. तुला काय करायचंय?"

निकाल लागला. सड्यावरची शाळा शेवटून दुसरी! तात्यांनी आळीभर पेढे वाटले. "खाडीपलीकडचे खाली गेले रे!"

मी त्यांच्याच आवाजात म्हटलं, "शेवटून दुसरी, आणि पेढे? कुठल्या शाळेचे हो तुम्ही?"

तात्या खो खो हसले. डोळे पुसायला खिशातून रुमाल काढला, तर त्यातून काजूची बी टपकन पायरीवर पडली.

मी उचलली. "भाजू काय?"

"दे इकडे." मग एकदम हळू, "पोरं राहतील ना रे आता?"

या वेळी मी त्यांचा आवाज काढला नाही. मी बी गपचूप त्यांच्या खिशात परत ठेवली.