आजून बठनी नही

कॉम्प्युटरसमोर बसले की इक्बालभाई आधी उजवा हात मांडीखाली घालतात आणि त्यावर चांगले दाबून बसतात. मग उरलेल्या डाव्या हाताने सगळा कारभार.

डावखुरे आहेत म्हणाल, तर अजिबात नाही. जेवण उजव्या हाताने, सही उजव्या हाताने, समोरच्या चहावाल्याला दोन कप सांगायला दोन बोटं वर होतात तीही उजव्याचीच. फक्त की-बोर्ड दिसला की उजवा हात गायब. मी एकदा सरळच विचारलं, "भाई, हाताला काय झालं?"

"काही नही ताई. उजवा हात सुट्टीवर शे."

आता असं उत्तर मिळाल्यावर ज्याला स्वस्थ बसवतं तो माणूस वेगळा. मी खापर गावच्या हायस्कुलात मराठी शिकवते आणि आमची गॅलरी इक्बालभाईंच्या दुकानाच्या बरोब्बर समोर आहे. चौकसपणाला देवाने एवढी सोय करून दिल्यावर मी तरी काय करणार!

दुकान लग्नपत्रिकांचं. गुजरातची हद्द जवळ, त्यामुळे मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, सगळ्या पत्रिका तिथे निघतात. छपाई भाई करायचे आणि टायपिंग त्यांची बायको, जुबेदाभाभी. भाभींचा हात म्हणजे काय सांगू! शिकल्या उर्दू शाळेत, पण मराठीतली एक वेलांटी चुकायची नाही. माझ्या धाकट्या दिराच्या पत्रिकेचा मजकूर मी स्वतः लिहून दिला होता. भाभींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, 'आशीर्वाद'मधली शी दीर्घ असते ना?" दुकानात चार माणसं उभी. मराठीची मास्तरीण मी! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण तेव्हापासून मी त्या बाईला मानते.

दीड वर्षापूर्वी भाभींना लकव्याचा झटका आला. बोलणं परत आलं, काठी टेकत का होईना चालणंही आलं. उजवा हात आला नाही. दुकानाच्या मागेच त्यांचं घर, मध्ये नुसता एक पडदा. मधे एकदा त्या डाव्या हातात माऊस धरून मशिनवर बसल्या होत्या. बाण स्क्रीनवर सैरावैरा पळायला लागला, गिऱ्हाईक बघत उभं. भाभी उठून आत गेल्या त्या गेल्याच. परत तो पडदा त्यांनी ओलांडला नाही.

लग्नसराई तोंडावर आणि दुकानात टायपिंगला कोणी नाही. जो तो भाईंना सांगायचा, अरे, एखादी पोरगी ठेवा कामाला.

"मन्हाजोडे ऑपरेटर शे," माझ्याजवळ आहे, असं भाई म्हणायचे आणि उजवा हात मांडीखाली सारायचे.

आणि हे स्वतः करत काय होते? तर कॉम्प्युटरवरची धडधाकट चालणारी व्यवस्था उपटून टाकून त्यांनी तिथे लिनक्स बसवलं. सुरतेला प्रेसमध्ये असतानाचा कोणी मित्र फोनवरून शिकवायचा. मी एकदा डोकावले तर स्क्रीन कोरी करकरीत. एक चित्र नाही, मेनू नाही, खालची पट्टी नाही. माऊस शेपटीने खिळ्याला टांगलेला. धडगावकडून जीपने आलेला एक माणूस बिचारा केव्हाचा बाकावर बसून होता. शेवटी मलाच म्हणाला, "बाई, लाइट गेली का?"

"भाई, हा काय प्रकार आहे?" मी विचारलं.

"विंडो मॅनेजर, ताई!" भाई खुलले. विंडो मॅनेजर म्हणजे म्हणे कारभारी. स्क्रीनवर कोणती खिडकी कुठे बसायची ते तो ठरवतो. जुना कारभारी ढिला होता. एका खिडकीवर दुसरी पडायची, मग माऊस घेऊन ओढत बसा. "हाऊ कसा शे दखा. पंगत बठाडस. कोणी कोणाच्या आंगवर बठानं नही."

त्यांनी डाव्या हाताने दोन कळा दाबल्या. एक खिडकी उघडली, पूर्ण स्क्रीनभर. दुसरी उघडली तशी पहिली आपण होऊन अर्ध्यात सरकली. तिसरी आली, तिलाही जागा झाली. एस.टी.त सुद्धा आपल्याकडे एवढ्या शहाणपणाने कोणी सरकत नाही. मी "अगं बाई!" म्हणून तिथेच बसले.

हे सगळं चालायचं एका लांबलचक यादीवर. कोणती कळ दाबली की काय व्हावं, ते ओळीने लिहायचं. भाई त्या यादीला निकाहनामा म्हणायचे. "सगळ्या अटी लिखेल शेत, ताई. एक चुकनी का संसार काळा." आणि व्हायचाही. कुठे एक कंस राहिला की सकाळी स्क्रीन ठार काळी. मग दोन दिवस भाई फोन कानाला लावून सुरतेशी बोलत बसायचे आणि गिऱ्हाईकं अक्कलकुव्याची वाट धरायची. ज्या खिडकीत काम चाललंय तिच्याभोवती एक रंगीत चौकट यायची. त्या चौकटीच्या रंगासाठी या माणसाने मला सात वेळा गॅलरीतून खाली बोलावलं. मेंदीचा हिरवा, पोपटी हिरवा, परत मेंदीचा.

"लांबून दिसायला पाहिजे, ताई. चष्मा न लावता."

"अहो, तुम्हाला कुठे चष्मा आहे? पत्रिका छापा आधी!"

कळांचीही तीच तऱ्हा. मी एकदा शेजारी बसून नीट बघितलं. सगळे हुकूम की-बोर्डच्या डाव्या अर्ध्यात. उजवा अर्धा नुसता धूळ खात पडलेला. "भाई, तिकडे काय विंचू बसलेत का?"

"तिकडलं गाव धरणमा गयं, ताई," भाई म्हणाले आणि हसले. मीही हसले. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

कधीही विचारा, "भाई, कुठवर आलं?" उत्तर ठरलेलं, अजून बसली नाही म्हणून. "आजून बठनी नही."

इथे माझ्यातली मास्तरीण जागी व्हायची. "भाई, सेटिंग. *ते* सेटिंग. नपुंसकलिंगी! 'बठनं नही' म्हणा."

"हां ताई, बरोबर शे," भाई मान डोलवायचे. दुसऱ्या दिवशी विचारावं तर पुन्हा "आजून बठनी नही." अहिराणी आमच्याही घरी बोलतात, पण लिंगाचा एवढा घोळ कोणी घालत नाही. शेवटी मी नाद सोडला.

मग माझ्या भाचीचं लग्न ठरलं. बहीण म्हणाली, अक्कलकुव्याला टाकू पत्रिका. मी म्हटलं, नाही, इक्बालभाईंकडेच. घरासमोरचं दुकान सोडून दुसरीकडे जायचं म्हणजे रोज समोरासमोर तोंड कसं दाखवायचं? भाईंनी स्वतः टाइप केलं, हात मांडीखाली घालून. चौथ्या दिवशी नमुना हातात आला. बघते तर 'आशिर्वाद'. एकदा नाही, दोनदा!

माझं डोकंच फिरलं. भाई फोनवर सुरतेशी बोलत होते, म्हणून मी कागद घेतला आणि सरळ पडदा सारून आत शिरले. भाभी मेथी निवडत बसल्या होत्या, एका हाताने.

"भाभी, बघा तुमच्या माणसाने काय करून ठेवलंय!"

भाभींनी कागद घेतला. चष्मा डोक्यावरच होता, तो खाली ओढायच्या भानगडीत न पडता त्यांनी कागद लांब धरला. मग म्हणाल्या, "या अल्ला, शि छोटी? पत्रिकेवर?" आणि काठी मागितली.

मला वाटलं, दारातून दोन शब्द सुनावतील. भाभींनी पडदा बाजूला केला आणि दुकानात पाऊल टाकलं. भाई असे धडपडून उठले की स्टूल कोलमडलं. फोन टेबलावर तसाच, सुरतेचा मित्र आतून "हलो, हलो" करतोय. भाईंनी खुर्ची ओढून दिली आणि बाजूला झाले.

भाभी उभ्याच होत्या. खिळ्यावरच्या माऊसकडे त्यांनी बघितलं. "इसको क्यूँ लटकाया?"

"उसका काम नहीं अब," भाई म्हणाले. "अंगूठा यहाँ. उंगली यहाँ. बस."

भाभी बसल्या. अंगठा टेकवला, बोट टेकवलं. भाचीची पत्रिका उघडली, तिच्याभोवती मेंदीची चौकट उमटली, बाकीच्या खिडक्या शहाण्यासारख्या सरकल्या. बाण कुठे पळाला नाही. पळायला बाणच नव्हता.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. त्यांच्या मराठी की-बोर्डवर काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला असतात, आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. भाभींची व्यंजनं गेली होती, वेलांट्या शाबूत होत्या. त्यांनी ऱ्हस्व वेलांटी पुसली, दीर्घ दिली. खालच्या ओळीतलीही दुरुस्त केली. मग हात थांबला.

"और बाकी के अक्षर?"

"ये बड़ावाला बटन दबा के रख. उधर के सब इधर आते."

भाभींनी दाबून धरलं. डाव्या हाताखाली एकेक अक्षर यायला लागलं, क, त, र, ह, सगळी. तिकडचं अख्खं गाव भाईंनी उचलून डावीकडे वसवलं होतं. वर्षभर, एकेक कळ, स्वतःच्या धडधाकट हातावर बसून. त्यांना स्वतःला टायपिंग येतं की नाही हा प्रश्नच नव्हता, एका डाव्या हाताने येतं का तेवढंच बघायचं होतं. आणि मी गॅलरीत उभी राहून हसत होते.

भाई माझ्याकडे वळले. डोळे भरून आले होते, आणि तोंडभर हसू.

"ताई," ते म्हणाले, "बठनी."

वीस वर्षं मी पोरांना ओरडून सांगत आले, वाक्यात आधी कर्ता शोधा. या माणसाचं लिंग कधीच चुकलं नव्हतं. मलाच कर्ता सापडला नव्हता.

भाभी टाइप करत होत्या, हळूहळू. भाईंनी पडलेलं स्टूल सरळ केलं, त्यांच्या शेजारी बसले आणि सवयीने उजवा हात मांडीखाली घातला. भाभींनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

"हात निकालो वो," त्या म्हणाल्या. "घर में एक सुन्न है, बहोत है."