शेडगेकाकांची ट्यूब

आमच्या सोसायटीत नवा माणूस राहायला आला की लोक त्याचं आडनाव विचारतात. शेडगेकाका विचारतात, "आपल्या टायरात ट्यूब आहे का?" नाही म्हटलं की त्या कुटुंबाशी बोलणं बेताचंच.

काका कारखान्यातून निवृत्त झाले, त्यांची तारांच्या चाकांची मोटरसायकल काही झाली नाही. किक मारून ती चालू होईपर्यंत जाणाऱ्या-येणाऱ्याला ट्यूबचे फायदे ऐकावे लागतात. "ट्यूबलेसला अलॉय चाकं लागतात. म्हणजे गाडी तीच, पाय दुसऱ्याचे!" पंक्चर झालं की रखडायला होतं, असं म्हणालात तर ठरलेलं उत्तर, "घाई कुणाला आहे?"

त्यांचा मुलगा निखिल खराडीला आयटीत. त्यानं परस्पर अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर बसवायचं ठरवलं. मेकॅनिक सोमवारी यायचा होता. "तुम्ही बाबांना समजवा ना काका," तो मला फोनवर म्हणाला. "दर रविवारी पंक्चर! या वयात गाडी ढकलत जातात." मी मोठ्या उत्साहानं कबूल केलं. दुसऱ्याच्या गाडीबद्दल मत नसेल तर तो पुणेकर कसला?

त्या रविवारी नेमका माझ्याच स्कूटरच्या चाकात खिळा घुसला. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या बबनकडे गेलो, तर काका स्टुलावर बसलेले, हातात चहा, समोर पाण्याच्या घमेल्यात ट्यूब. बबननं माझं ट्यूबलेस चाक न काढताच पंक्चर काढलं. मला आयतीच संधी मिळाली. "बघा काका, पाच मिनिटं!"

"बघितलं," काका म्हणाले. "आणि मग? सहाव्या मिनिटाला कुठे जायचं?"

काका कप विसळायला नळावर गेले तसा बबन हळूच म्हणाला, "साहेब, ट्यूबला भोक नाही हो. काकू गेल्यापासून दर रविवारी येतात. हवा जाते म्हणतात. मी चाक खोलतो, ट्यूब पाण्यात फिरवतो. बुडबुडा काही येत नाही. तोवर आमचा चहा होतो, बोलणं होतं."

मला माझीच लाज वाटली. त्यांची किक ऐकू आली की आम्ही सगळे मागच्या जिन्यानं सटकायचो.

घरी येऊन निखिलला फोन केला. "टायर राहू दे. रविवारी तू ये."

"येतो ना काका. पण तिकडून ट्रॅफिक फार असतो हो..."

मेकॅनिकला त्यानं नको म्हणून कळवलं. रविवारी मात्र तो आला नाही.

मी गेलो. माझ्या टायरला काहीही झालेलं नव्हतं. बबननं न विचारता दुसरं स्टूल पुढे केलं.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"हवा जातेय बहुतेक."

काकांनी माझ्या चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. जरा सरकून बसले.

"बघू दे त्याला नीट," ते म्हणाले. "घाई कुणाला आहे?"