तारिणीने कोणतं दार उघडलं

कृष्णापूरच्या राजविलास टॉकीजमध्ये ‘प्रकाशवर्षांची पाहुणी’ हा चित्रपट संपला, पण त्याची नायिका काही पडद्यावरून जायला तयार होईना.

चित्रपट तसा सरळ होता. तारिणी परग्रहावरून येते, नाशिकच्या विश्वजितच्या प्रेमात पडते आणि शेवटी दोन दारांसमोर उभी राहते. डावं दार परतीच्या यानाचं, उजवं विश्वजितच्या घराचं. ती हात पुढे करते, पांढराशुभ्र उजेड पडतो आणि चित्रपट संपतो. इथेही उजेड पडला, लोक उठले, पंखे बंद झाले. तारिणी मात्र हात पुढे करून तशीच उभी.

“बाई, खेळ संपला,” टॉकीजचे मालक अण्णा थोरात पडद्याजवळ जाऊन म्हणाले.

“मला दिसतंय ते,” तारिणी म्हणाली. “पण मी कोणतं दार उघडलं ते सांगा ना. कुठे गेले हेच माहीत नसेल तर जाऊ कशी?”

अण्णांना हे पटलं. त्यांनी दिग्दर्शकाला फोन लावला. दिग्दर्शक म्हणाले, “ते प्रेक्षकानं ठरवायचं,” आणि कुठल्याशा महोत्सवाला निघून गेले. अण्णांनी पुढचा चित्रपट लावून पाहिला; पण बैलगाडा शर्यतीच्या ऐन मध्यात तारिणी उभी, त्यामुळे बैल बुजले आणि शर्यत रद्द झाली. मग प्रकरण नगरपालिकेत गेलं. मुख्याधिकारी नलवडेबाईंनी शेवट समजावून देण्यासाठी कौस्तुभ डोईफोडेची नेमणूक केली.

कौस्तुभ गावातला या विषयातला जाणकार. चित्रपटांचे शेवट उलगडून सांगणारे त्याचे व्हिडिओ लांबलांबचे लोक बघत. ज्यांना चित्रपट आधी नीट समजलेला असे, त्यांनाही ते बघून शंका येऊ लागत. नेमणुकीचं कळल्यावर त्याला भरून आलं. आजवर तो परक्या शहरांतल्या, परक्या भाषांतल्या शेवटांबद्दल बोलत आला होता. आता एक अडकलेला शेवट त्याच्या दारात आला होता. नवा सदरा घालून तो रेवतीला घेऊन टॉकीजवर गेला. रेवतीशी त्याचा साखरपुडा झालेला होता. लग्न कधी, असं तिच्या आईने विचारलं की तो छान हसत असे.

सुनावणीला टॉकीज तुडुंब भरलं. कौस्तुभने पडद्यासमोर उभं राहून सुरुवात केली.

“मुळात हे दार म्हणजे दार नव्हे.”

तारिणीने दारावर टकटक केली. “लाकडाचं आहे हो.”

“लाकूड हे स्मृतीचं प्रतीक आहे,” कौस्तुभ अजिबात न अडखळता म्हणाला. “खरं सांगायचं तर तुम्ही मध्यंतराआधीच वारल्या आहात. पुढचं सगळं विश्वजितचं स्वप्न.”

“मध्यंतरानंतर माझी चार गाणी आहेत,” तारिणी म्हणाली.

“तेच तर! जिवंत माणूस एवढी गाणी म्हणतो का?”

सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. नलवडेबाईंनी मुद्दा नोंदवून घेतला. तेवढ्यात उजव्या दारामागून विश्वजितचा आवाज आला, “मी स्वप्नात असेन तर मला बसायला काय हरकत आहे? पाठ भरून आलीये माझी.” त्याला पाळी आल्यावर बोलायला सांगण्यात आलं.

मग गावाने मतं मांडली. माजी नगराध्यक्ष म्हणाले, मुलीच्या जातीने घरातच गेलं पाहिजे, यान कितीही चांगलं असो. महिला मंडळाच्या अध्यक्षा म्हणाल्या, तो ग्रह तिचं माहेर आहे, दिवाळीपुरतं तरी जाऊ द्यावं. एका निवृत्त मास्तरांनी दोन्ही दारांच्या मध्ये भिंत बांधावी असं सुचवलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. कौस्तुभ प्रत्येकाचं ऐकून, “हाही एक अर्थ निघतो,” म्हणत होता. त्याचा चेहरा उजळत चालला होता.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून रेवती उठली.

“तारिणी, तुम्हाला कुठे जायचंय?”

कौस्तुभच्या कपाळावर आठी पडली. “रेवती, हा प्रश्न चित्रपटाच्या बाहेरचा आहे.”

“प्रश्न फेटाळण्यात येतो,” नलवडेबाई म्हणाल्या.

पण तारिणीने हात खाली घेतला होता. “असं मला कोणी विचारलंच नाही,” ती म्हणाली. “लिहिणाऱ्यानंही नाही.” ती विचार करत राहिली. “मला आधी बसायचंय. आणि भूक लागलीये. चित्रपटात मी फक्त कॉफी पिते.”

रेवतीने बाजूच्या खुर्चीवरची पर्स उचलली. तारिणी पडद्याची कड ओलांडून खाली आली आणि तिथे बसली. “मग मीही जेवून घेतो,” दारामागून विश्वजित म्हणाला आणि त्याची पावलं आत गेली.

आता अडचण वेगळीच झाली. पडद्यावर दोन दारं होती आणि समोर कोणीच नव्हतं. नायिकाच नाही म्हटल्यावर याला शेवट म्हणता येईना. “जागा रिकामी ठेवता येणार नाही,” नलवडेबाई म्हणाल्या.

“थांबा, मी प्रात्यक्षिकच दाखवतो,” असं म्हणून कौस्तुभ पडद्यावर चढला. त्याने डाव्या दाराची कडी डाव्या हातात धरली, उजव्या दाराची उजव्या हातात. “बघा, इथून दोन्ही शक्यता सारख्याच खऱ्या वाटतात.” त्याचा आवाज गहिवरला. इतकं जवळून त्याने कधीच कोणता शेवट पाहिला नव्हता.

रेवती पुढे आली. “कौस्तुभ, आपल्या लग्नाचं नक्की काय?”

त्याने दोन्ही कड्यांकडे आळीपाळीने पाहिलं. “त्याचे अनेक अर्थ निघू शकतात,” तो म्हणाला.

“बरं,” रेवती म्हणाली. ती तारिणीला घेऊन समोरच्या हॉटेलात मिसळ खायला गेली. तिथे तारिणीने जादा तर्री मागितली आणि नाकडोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ली.

नगरपालिकेने प्रकरण निकाली काढलं. चित्रपट नव्याने लागला आणि जोरात चालला. लोक बाहेर पडताना तावातावाने वाद घालत, हा कोणतं दार उघडणार म्हणून. कौस्तुभला आतून ते ऐकू येई आणि तो समाधानाने मान डोलावत असे. रेवतीच्या आईने साखरपुड्याची साडी परत पाठवली. तारिणी रेवतीच्या खोलीत राहू लागली. कुठे जायचं ते तिचं अजून ठरत नव्हतं आणि तिला घाईही नव्हती.

कृष्णापुरातली गर्दी ओसरल्यावर अण्णा रेवतीकडे आले. चित्रपट पुढे महाबळेश्वरला जाणार होता, तेव्हा सोबत जाणाऱ्या माणसाच्या घरच्यांना विचारलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

“न्या की,” रेवती म्हणाली. “तिकडे थंडी फार. त्याचा स्वेटर माझ्याकडेच राहिलाय, तो देते.”

“स्वेटर घालायचा तर त्यांना कड्या सोडाव्या लागतील,” अण्णा संकोचून म्हणाले.

रेवतीने थोडा विचार केला.

“मग शाल घेऊन जा,” ती म्हणाली.